झडपेचे ऑपरेशन आणि रक्तातील एन्झाइम्स : आकडा कधी घाबरवतो, कधी सावध करतो

हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन करून मुंबई-पुण्याच्या रुग्णालयातून घरी आलेला रुग्ण बरोबर एक जाडजूड फाइल आणतो. त्या फाइलमध्ये 'सी.के.-एम.बी.', 'एल.डी.एच.', 'एस.जी.ओ.टी.', 'ट्रोपोनिन' अशी नावे आणि त्यांच्यापुढे ठळक अक्षरांत छापलेले आकडे असतात. नेहमीच्या मर्यादेशेजारी तिप्पट, चौपट, कधी शंभरपट आकडा दिसला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. "ऑपरेशन चांगले झाले म्हणतात, मग हा रिपोर्ट असा कसा? झोपेतच झटका येऊन गेला की काय?" असा प्रश्न हमखास येतो.

या आकड्यांबाबत दोन प्रकारच्या चुका होतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन दिवसांतील मोठा आकडा पाहून घरचे विनाकारण हवालदिल होतात, ही पहिली चूक. दुसरी अधिक धोक्याची आहे. सहा महिन्यांनी, वर्षाने एखादा आकडा हळूच वाढतो आणि 'ऑपरेशन झालेल्यांचे असेच असते' म्हणून तो बाजूला पडतो. पहिल्या चुकीने झोप जाते, दुसरीने जीव जाऊ शकतो. म्हणून या आठवड्यात हे आकडे समजून घेऊ.

झडपा करतात काय?

आपल्या हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. विहिरीच्या पंपाला जसा फूटव्हॉल्व्ह असतो, पाणी वर जाऊ देतो पण परत खाली येऊ देत नाही, तसेच काम या झडपा करतात. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला लाखभर वेळा त्या उघडतात आणि मिटतात.

झडप दोन तऱ्हांनी बिघडते. एक तर तिचे तोंड अरुंद होते, किंवा ती नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळते. काही रुग्णांत दोन्ही दोष एकत्र असतात. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील मायट्रल झडप सर्वांत जास्त वेळा बिघडते. निरोगी माणसात तिचे तोंड साधारण ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. ते दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून लहान झाले की आजार गंभीर समजतात. मग रक्त मागे फुप्फुसात तुंबते. जिना चढताना दम लागतो, रात्री उताणे झोपवत नाही, खोकल्यातून कधी रक्त पडते. कित्येक सुनांचा हा आजार पहिल्या बाळंतपणाच्या वेळीच कळतो, कारण गरोदरपणात हृदयावरचा भार वाढतो आणि तोवर झाकलेला दोष उघडा पडतो.

एन्झाइम रक्तात येते कोठून?

एन्झाइम म्हणजे विकर. शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारी ही प्रथिने आहेत. त्यांची जागा पेशींच्या आत असते. गिरणीतला कामगार जसा गिरणीच्या आत काम करतो, तसे हे पेशीच्या भिंतीआड काम करीत असतात. जुन्या पेशी मरतात आणि नव्या तयार होतात, त्यामुळे रक्तात त्यांचे थोडे प्रमाण नेहमीच सापडते. पण पेशींना इजा झाली, त्यांची भिंत फाटली, की आतला ऐवज मोठ्या प्रमाणावर रक्तात उतरतो. म्हणून रक्तातील एन्झाइम वाढले याचा अर्थ एवढाच, की कोठेतरी पेशींना मार बसला आहे. कोठे आणि किती, हे ओळखणे पुढचे काम.

ओळखायला सोपे जावे म्हणून चार प्रमुख मंडळींची ओळख करून घेऊ.

सी.के. किंवा सी.पी.के. : हे स्नायूंचे एन्झाइम. त्याचे तीन प्रकार आहेत. एम.एम. हा मुख्यतः हातापायांच्या स्नायूंत, बी.बी. मेंदूत आणि एम.बी. हा मुख्यतः हृदयाच्या स्नायूत असतो. म्हणून हृदयासाठी सी.के.-एम.बी. मोजतात. मात्र हातापायांच्या स्नायूंतही एम.बी. थोडा असतो, हे विसरू नये.

एस.जी.ओ.टी. : हृदय, यकृत, स्नायू आणि तांबड्या पेशी, सगळीकडे सापडणारे. १९५४ साली अमेरिकेतील लाड्यू, रोब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते रक्तात वाढते असे दाखवून दिले आणि एन्झाइमवरून हृदयाची इजा ओळखण्याची सुरुवात झाली. अधिक नेमक्या तपासण्या आल्यावर या कामातून ते निवृत्त झाले. आज ते मुख्यतः यकृताच्या तपासणीत दिसते.

एस.जी.पी.टी. : हे प्रामुख्याने यकृताचे. एस.जी.ओ.टी.बरोबर हेही वाढले असेल तर बोट यकृताकडे जाते.

एल.डी.एच. : जवळजवळ सर्व पेशींत असणारे. तांबड्या पेशींत ते भरपूर असते, आणि झडपेच्या रुग्णाच्या दृष्टीने हाच मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पाचवे नाव ट्रोपोनिन. ते एन्झाइम नाही. स्नायू आकसण्याच्या क्रियेचे नियंत्रण करणारे ते प्रथिन आहे. पण ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय यांचे हृदयातील रूप वेगळे ओळखता येते. त्यामुळे हृदयाच्या स्नायूला झालेल्या इजेचा आज सर्वांत भरवशाचा साक्षीदार तेच आहे.

ऑपरेशनच्या आधीच वाढलेले आकडे

झडपेच्या जुन्या रुग्णाचे रक्त ऑपरेशनपूर्वी तपासले, तर कधी कधी यकृताचे आकडे वाढलेले आढळतात. बिलिरुबिन थोडे जास्त, अल्कलाइन फॉस्फटेज जास्त, एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. किंचित वर. कारण सरळ आहे. डावीकडची झडप वर्षानुवर्षे अरुंद राहिली की फुप्फुसातला दाब वाढतो, तो उजव्या बाजूवर येतो, तिकडची झडप ताणून गळू लागते आणि रक्त मागे यकृतात तुंबते. पावसाळ्यात गटार तुंबले की पाणी जसे मागे अंगणात येते, तसेच. यकृत सुजते, उजव्या बरगडीखाली दुखते, पायांवर सूज येते, पोटात पाणी होते, डोळे पिवळसर दिसतात.

इथे आपल्याकडे एक घोटाळा होतो. डोळे पिवळे दिसले की घरचे 'कावीळ झाली' म्हणून झाडपाल्याचे औषध देतात, कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, आणि लघवीच्या गोळ्या 'उष्ण पडतात' म्हणून बंद करतात. दोष झडपेचा, शिक्षा यकृताला! झडपेच्या रुग्णाचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवावे. झडप वेळेत दुरुस्त झाली आणि उजव्या बाजूचा दाब उतरला, की बहुतेकांचे हे आकडे हळूहळू खाली येतात. मात्र यकृत फार वर्षे तुंबून राहिले, तर त्यात कायमचे कठीण व्रण तयार होतात आणि ऑपरेशनचा धोका वाढतो. म्हणून 'अजून चालतेय ना, मग बघू पुढच्या वर्षी' हा विचार महागात पडतो.

यकृताचे आकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. रक्त गोठवणारी बरीच द्रव्ये यकृतातच तयार होतात. यकृत दुबळे असेल तर ऑपरेशनमध्ये रक्तस्राव जास्त होऊ शकतो, आणि पुढे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा थोडा डोसही जास्त चढतो.

ऑपरेशनच्या टेबलावर काय घडते?

झडप दुरुस्त करायची किंवा बदलायची तर हृदय उघडावे लागते, आणि धडधडते हृदय उघडून आत बारीक टाके घालता येत नाहीत. म्हणून हृदय-फुप्फुस यंत्राची मदत घेतात. १९५३ साली अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी या यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. १९६० साली कृत्रिम झडप बसवण्याच्या शस्त्रक्रिया यशस्वी होऊ लागल्या. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने तयार केलेली झडप १९९० साली प्रथम रुग्णाला बसवण्यात आली आणि परदेशी झडपेपेक्षा कमी खर्चाचा पर्याय उपलब्ध झाला.

यंत्र सुरू झाले की शरीरातील अशुद्ध रक्त नळ्यांतून यंत्रात जाते, तेथे त्यात प्राणवायू मिसळतो आणि ते परत शरीरात सोडले जाते. मग महाधमनीवर चिमटा लावून हृदयाचा रक्तपुरवठा थांबवतात आणि पोटॅशियमचे प्रमाण जास्त असलेले द्रावण, बहुधा थंड करून, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडतात. हृदय शांत होते. शांत आणि थंड स्नायूला प्राणवायू फार कमी लागतो, म्हणून तो तग धरतो. काही द्रावणे दर २० मिनिटांनी पुन्हा द्यावी लागतात, काहींचा परिणाम तासाहून अधिक टिकतो.

तरीही तग धरणे म्हणजे अजिबात इजा न होणे नव्हे. रक्तपुरवठा थांबलेल्या काळात काही पेशी दगावतात. मायट्रल झडपेपर्यंत पोहोचायला वरच्या कप्प्याची भिंत कापावी लागते, झडपेच्या कडेच्या स्नायूजवळ टाके पडतात. छातीचे हाड मधोमध कापलेले असते, आसपासच्या स्नायूंना मार बसलेला असतो. यंत्राच्या पंपात आणि शोषनळ्यांत काही तांबड्या पेशी फुटतात. या सगळ्याचा हिशेब दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये उमटतो. छातीच्या स्नायूंमुळे एकूण सी.के. वाढते, हृदयाच्या पेशींमुळे सी.के.-एम.बी. आणि ट्रोपोनिन वाढते, फुटलेल्या तांबड्या पेशींमुळे एल.डी.एच. वाढते. एस.जी.ओ.टी.मध्ये सगळ्यांचाच थोडा थोडा वाटा असतो.

म्हणजे उघड्या हृदयावरच्या ऑपरेशननंतर हे आकडे वाढणे हा नियम आहे. दोन झडपा एकदम बदलल्या, चिमटा जास्त वेळ लावावा लागला, महाधमनीची झडप अरुंद असल्याने हृदयाची भिंत आधीच जाड झालेली होती, तर वाढ अधिक होते. शेजारच्या खाटेवरील रुग्णाचा आकडा आपल्या माणसापेक्षा कमी का, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

आकडा एकटा बोलत नाही

नुसत्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. आकडा चढतो आहे की उतरतो आहे, हे पाहावे लागते. समजण्यासाठी दोन काल्पनिक रुग्ण घेऊ. प्रयोगशाळेची सी.के.-एम.बी.ची नेहमीची मर्यादा २५ युनिट धरू.

पहिल्या रुग्णाचे आकडे : ऑपरेशननंतर ६ तासांनी ८०, २४ तासांनी ४५, ४८ तासांनी २२.

दुसऱ्या रुग्णाचे आकडे : ६ तासांनी ८०, २४ तासांनी १७०, ४८ तासांनी १५०.

पहिली तपासणी दोघांची सारखीच आहे. पण पहिल्या रुग्णात ऑपरेशनच्या वेळी झालेली इजा तेथेच थांबली, रक्तात उतरलेले एन्झाइम शरीराने दोन दिवसांत साफ केले. दुसऱ्या रुग्णात आकडा चढत राहिला, म्हणजे ऑपरेशन संपल्यानंतरही हृदयाच्या पेशी मरत आहेत. इथे डॉक्टर ताबडतोब ई.सी.जी. काढतात, इकोवर हृदयाची हालचाल पाहतात, हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी बंद पडली की काय याचा शोध घेतात. झडपेच्या अगदी जवळून अशी एक वाहिनी जाते आणि क्वचित ती टाक्यात ओढली जाऊ शकते किंवा हवेचा बुडबुडा अथवा गुठळी अडकू शकते.

प्रत्येक साक्षीदाराचे वेळापत्रकही वेगळे असते. सी.के.-एम.बी. लवकर वाढते आणि दोन-तीन दिवसांत खाली येते. एस.जी.ओ.टी. चार-पाच दिवसांत उतरते. ट्रोपोनिन आठवडाभर, कधी दहा दिवसही वर राहते. एल.डी.एच.ला पूर्ववत व्हायला आठ ते चौदा दिवस लागतात. त्यामुळे आठव्या दिवशी घरी जाताना ट्रोपोनिन थोडे वाढलेले असेल, पण सतत उतरत असेल आणि रुग्ण चालतो-बोलतो आहे, तर घाबरण्याचे कारण नाही.

ट्रोपोनिनचे आकडे तर इतके मोठे असतात की सामान्य माणसाचे डोळे फिरावेत. त्याबद्दल २०२२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ देशांतील २४ रुग्णालयांमधील १३,८६२ हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांचे अतिसंवेदनशील ट्रोपोनिन आय त्यात मोजले होते. नुसती बायपास किंवा नुसती महाधमनीची झडप बदललेल्या रुग्णांत पहिल्या दिवसाचे ट्रोपोनिन नेहमीच्या कमाल मर्यादेच्या सुमारे २१८ पट झाले, तेव्हाच पुढील ३० दिवसांत मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. मायट्रलसारख्या इतर शस्त्रक्रियांत ही रेषा सुमारे ४९९ पटीवर होती. हे आकडे त्या अभ्यासातील विशिष्ट चाचणीचे आहेत, प्रत्येक प्रयोगशाळेच्या कागदाला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण त्यातला बोध स्पष्ट आहे. घरी बसलेल्या माणसाच्या छातीत दुखल्यावर ट्रोपोनिनची जी वाढ गंभीर ठरते, तीच वाढ हृदय उघडलेल्या माणसात अगदी मामुली ठरू शकते. मोजपट्टी एकच, पण माप वेगळे.

यकृताचा आकडा हजारात गेला तर

ऑपरेशननंतर एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. दोन्ही एकाएकी हजारांच्या घरात गेले, तर ते यकृताला रक्त कमी पोहोचल्याचे लक्षण असते. हृदय कमजोर पडले, रक्तदाब फार वेळ खाली राहिला, की यकृताच्या पेशी उपाशी पडतात. अशा वेळी लघवीही कमी होते. उपचार हृदयाला बळ देण्याचा करायचा असतो. रक्ताभिसरण सुधारले की हे आकडे चढले तसेच काही दिवसांत झपाट्याने उतरतात. ते उतरले नाहीत आणि कावीळ वाढत गेली, तर मात्र प्रकृती चिंताजनक समजावी.

घरी आल्यावर लक्ष ठेवायचे ते एल.डी.एच.वर

आता दुसऱ्या, अधिक महत्त्वाच्या चुकीकडे वळू. धातू आणि कार्बनपासून बनवलेली झडप बसवलेल्यांच्या छातीतून शांत वेळी घड्याळासारखी टिकटिक ऐकू येते. या कठीण झडपेवर आपटून रोज थोड्या तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे अशा रुग्णांत एल.डी.एच. कायमच थोडे वाढलेले राहू शकते. ती वाढ स्थिर असेल, हिमोग्लोबिन चांगले असेल, तर काही करायचे नसते.

पण झडपेच्या कडेचा टाका सैल झाला तर त्या फटीतून रक्त जोराने मागे उसळते. नळाच्या तोंडावर बोट धरले की पाण्याची चिळकांडी उडते, तशी ही धार असते. तिच्या माऱ्याने तांबड्या पेशी मोठ्या संख्येने फुटतात. एल.डी.एच. झपाट्याने वर जाते, हिमोग्लोबिन खाली येते, डोळ्यांत पिवळेपणा येतो आणि लघवी चहाच्या अर्कासारखी तांबूस-काळसर होते. झडपेवर गुठळी धरली किंवा झडपेत जंतूंनी घर केले तरी एल.डी.एच. चढू शकते.

अशा रुग्णाला 'अशक्तपणा आहे' म्हणून नुसत्या लोहाच्या गोळ्या देणे म्हणजे गळक्या टाकीत पाणी ओतणे. झडप बदललेल्या रुग्णाला नव्याने पंडुरोग झाला, तर एल.डी.एच., बिलिरुबिन आणि रेटिक्युलोसाइट यांची तपासणी करावी आणि इको करून घ्यावा. हे करायला वेळ लावू नये.

यासाठी एक साधी युक्ती सांगतो. ऑपरेशननंतर साधारण तीन महिन्यांनी, प्रकृती उत्तम असताना, एकदा हिमोग्लोबिन, एल.डी.एच. आणि यकृताच्या तपासण्या आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्याव्यात आणि तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावून ठेवावा. पुढे कधी शंका आली तर 'नेहमीचा आकडा किती होता' हे चटकन कळते. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण एल.डी.एच.ची मर्यादा तपासण्याच्या पद्धतीनुसार बदलते. एका ठिकाणचे ४०० आणि दुसऱ्या ठिकाणचे २५० यांची तुलना करणे म्हणजे मणाची तुलना किलोशी करण्यासारखे आहे.

रिपोर्टही फसवू शकतो

रक्त घेताना सुई बारीक असली, जोराने ओढले, किंवा नमुना तालुक्याहून जिल्ह्याला नेताना गाडीत हिंदकळला आणि उन्हात राहिला, तर नळीतच तांबड्या पेशी फुटतात. मग एल.डी.एच., एस.जी.ओ.टी. आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसतात. दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतल्यावर, पडून मार लागल्यावर, खूप अंगमेहनत केल्यावर किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांमुळे सी.के. वाढू शकते. म्हणून रुग्ण ठणठणीत आणि आकडा भलताच असेल, तर प्रथम तपासणी पुन्हा करावी.

नेहमीच्या काही शंका

*एन्झाइम वाढले म्हणून औषध बदलावे काय?*
एन्झाइम कमी करण्याचे औषध नसते. एन्झाइम हा धूर आहे, आग शोधावी लागते. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये.

*रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि एन्झाइम यांचा संबंध आहे काय?*
थेट नाही, पण यकृतामार्फत आहे. वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल या गोळीचा परिणाम 'आय.एन.आर.' तपासणीने मोजतात. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर आय.एन.आर. साधारण २.५ ते ३.५ आणि महाधमनीच्या जागी २ ते ३ ठेवतात. नेमके लक्ष्य आपले डॉक्टर ठरवतील. यकृताचे आकडे बिघडले तर आय.एन.आर. एकदम चढू शकतो. हिरड्यांतून रक्त, काळे शौच, अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी तपासणी करावी. अंगदुखीच्या गोळ्या आणि झाडपाल्याची औषधे विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

*'तपासणी नको' अशी नवी गोळी चालेल काय?*
धातूच्या झडपेला चालत नाही. डॅबिगॅट्रान या नव्या गोळीचा अशा रुग्णांवरील अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त आढळल्याने थांबवावा लागला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले आहेत.

*ऑपरेशननंतर ताप आला तर?*
झडप बदललेल्या रुग्णाचा ताप साधा समजू नये. बदललेल्या झडपेवर जंतू बसू शकतात. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चरसाठी रक्त घेणे आवश्यक आहे, कारण दोन गोळ्या पोटात गेल्या की जंतू सापडणे अवघड होते. दात काढण्यापूर्वीही दंतवैद्याला झडपेबद्दल सांगावे.

*खर्चाचे काय?*
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. जमीन गहाण टाकण्यापूर्वी त्याला भेटावे.

सगळ्याच्या मुळाशी एक घसा

आपल्याकडे तरुण वयात झडप बिघडण्याचे मोठे कारण ऱ्हुमॅटिक ताप हे आहे. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखतो. घसा बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि मोठे सांधे एकामागून एक सुजतात. आज गुडघा, परवा घोटा, नंतर मनगट. सांधे काही दिवसांत पूर्ववत होतात आणि घरचे विसरून जातात. पण जंतूंशी लढण्यासाठी तयार झालेली शरीराची शक्ती चुकून झडपेवरच हल्ला करून गेलेली असते. पुन्हा घसा धरला की पुन्हा हल्ला, आणि प्रत्येक हल्ल्यागणिक झडप अधिक जाड, अधिक चिकटलेली. दहा-पंधरा वर्षांनी मुलगी लग्न होऊन सासरी जाते आणि विहिरीवरून पाणी आणताना तिला दम लागतो.

हा प्रवास अडवता येतो. ज्याला एकदा ऱ्हुमॅटिक ताप आला, त्याला दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. मोठ्या माणसासाठी डोस १२ लाख युनिटचा, लहान मुलांना वजनानुसार कमी. हृदयावर परिणाम झाला नसेल तर निदान ५ वर्षे किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर ते घ्यायचे असते. हृदयावर परिणाम झाला असेल तर त्याहून बरीच अधिक वर्षे. झडप बदलल्यावरही इंजेक्शन आपोआप बंद होत नाही, कारण बाकीच्या झडपा स्वतःच्याच असतात. ते किती वर्षे घ्यायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. इंजेक्शन दुखते, मूल रडते, सणावाराला तारीख चुकते, आणि 'आता बरा आहे' म्हणून ते बंद पडते. इथेच झडपेचे ऑपरेशन ठरून जाते.

तेव्हा कात्रण करून ठेवण्याजोग्या गोष्टी थोडक्यात अशा :

१. ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत एन्झाइम वाढणे अपेक्षित आहे. ते उतरते आहे ना, हे विचारा.

२. तीन महिन्यांनंतरचा 'नेहमीचा' आकडा जपून ठेवा.

३. एल.डी.एच. चढत आहे, हिमोग्लोबिन उतरत आहे, लघवी काळसर आहे, तर त्याच आठवड्यात इको.

४. दम वाढला किंवा झडपेची टिकटिक दबल्यासारखी झाली, तर उद्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

५. मुलाचा घसा दुखून ताप आला आणि नंतर सांधे सुजले, तर तेल चोळत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

शेवटची सूचना पाळली, तर वरच्या चार सूचनांची पाळी पुष्कळ घरांत येणारच नाही.